पाहुणीला कोणी रागवत नाही

कोखावा बेंतोलिलाचं स्पॅनिश ऐकून दक्षिण अमेरिकेतून आलेली पोरं आधी गोंधळायची आणि मग हसू दाबायची. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर जी बोली जपली, त्या बोलीत ती लहानाची मोठी झाली होती. आज कोणी बखरीतल्या मराठीत 'पासपोर्ट दाखवा' म्हटलं तर कसं वाटेल, तसं त्या पोरांना वाटायचं. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "हसून घ्या. पण फॉर्म नीट भरा, खाडाखोड चालणार नाही."

आमचं ऑफिस हैफात, डोंगराच्या उतारावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसायच्या. जी ज्यू मुलंमुली इस्रायलची नागरिक नाहीत, तरी इथल्या सैन्यात दीड वर्ष नोकरी करायची म्हणतात, त्यांचे कागद जमवून सैन्याकडे पाठवायचे, एवढंच आमचं काम. या योजनेला सगळे 'माखल' म्हणत. दीड वर्ष झालं की मुलं मोकळी. हवं तर इथे राहा, नाही तर आपल्या देशी जा. माझं नाव मोझेल. आम्ही कोकणातले ज्यू, मूळ घर रेवदंड्याचं. इंग्रजी येत असल्यामुळे लंडन, मेलबर्न, जोहान्सबर्गची पोरं माझ्या टेबलावर यायची. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारी शेजारच्या टेबलावर, कोखावाकडे. अशी एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसलो, त्यामुळे तिचं स्पॅनिश मलाही समजायला लागलं होतं.

कोखावा दहा वर्षांची असताना लाराश गावाहून बोटीने इथे आली. तेव्हा तिचं नाव एस्त्रेया होतं. बंदरावरच्या कारकुनाने नावाचा अर्थ विचारला, वडील म्हणाले तारा, आणि कारकुनाने हिब्रूत 'कोखावा' असं लिहून टाकलं. तिला कोणी विचारलं नाही. अठराव्या वर्षी सैन्याची चिठ्ठी आली तेव्हा वडिलांनी मुलगी धर्मपालन करणारी आहे असं लिहून देऊन तिला सूट मिळवली. तेव्हाही तिला कोणी विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी बंदरातल्या एका क्रेनवाल्याशी तिचं लग्न झालं. पुढे तिच्या तिन्ही मुलांना चिठ्ठ्या आल्या आणि मुलं सैन्यात गेली, सगळ्यांची जातात तशी.

त्यामुळे तिला या परदेशी पोरांचं भारी कुतूहल. ती मला म्हणायची, "आमची पोरं पाठदुखीचे दाखले शोधत फिरतात, आणि ही तिकीट काढून येतात. का गं येत असतील?" फॉर्मवर या प्रश्नाला रकाना नव्हता. जन्मदाखला, घरच्या डॉक्टरचं पत्र, पोलिसांचा दाखला आणि ज्यू असल्याचा पुरावा, एवढं झालं की सैन्याला पुरत असे. पण सगळं भरून झाल्यावर कोखावा पेनाला टोपण लावायची, हाताची घडी घालायची आणि विचारायची, "आता मला सांग, कशाला आलास?" साओ पावलोचा एक मुलगा म्हणाला होता, आजोबांना लढता आलं नाही म्हणून. काराकासचा एक साखरपुड्यातून पळून आला होता. एकाला दंडाचे स्नायू कमवायचे होते. एक मुलगी तासभर विचार करत बसली, रडली आणि उत्तर न देताच गेली. चार वाजता चहा घेताना कोखावा ही उत्तरं मला सांगायची. ती कोणाला हसली नाही आणि कोणाचं कौतुकही केलं नाही.

नोएमी पेराल्ता आली ती दोन हजार तीनच्या मार्चमध्ये. युद्ध तोंडावर होतं आणि बसमध्ये बाँब फुटत होते; त्या दिवसांत आम्ही सगळे खांद्याला गॅसच्या मुखवट्याचं पुठ्ठ्याचं खोकं अडकवून फिरत होतो आणि बसमध्ये चढताना एकदा मागे वळून बघत होतो. उंच, रुंद खांद्यांची, उन्हाने नाक सोललेली मुलगी. पायांत रबरी बूट. ते तिने दारात काढून ठेवले, कारण त्यांना शेण लागलं होतं.

कोखावाने नाव विचारलं. तिने सांगितलं. कोखावा म्हणाली, "पेराल्ता? हे आडनाव अख्ख्या अर्जेंटिनात सापडेल, फक्त सिनेगॉगात सापडायचं नाही."

"बाबा पेराल्ता," मुलगी म्हणाली. "दुधाचा टँकर चालवतात. आई वाइसबोर्द. आम्ही मोइसेसविलेचे."

मोइसेसविले म्हणजे रशियातून आलेल्या ज्यू शेतकऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी अर्जेंटिनाच्या गवताळ माळावर वसवलेलं गाव. कोखावाच्या टेबलावर त्या गावचे आणखी दोघं येऊन गेले होते, म्हणून ती जराशी सैलावली. मग तिने हिब्रूची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. नोएमी आठ महिने एका किब्बुत्सच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीच्या, गोठ्यात काम करत होती आणि तिथल्या गवळ्याकडून हिब्रू शिकली होती. 'मला बसायला जागा हवी आहे' हे हिब्रूत कसं म्हणशील, असं कोखावाने विचारलं. मुलीने खणखणीत आवाजात जे सांगितलं त्याचं मराठीत 'हल गं रांडे, पलीकडे सर' असंच काहीतरी होईल. नेमका तेव्हाच सैन्याचा संपर्क अधिकारी यिगाल फायली न्यायला आत आला होता. तो दारातच भिंतीला टेकून बाजूला झाला.

"पास," कोखावा म्हणाली आणि तिने रकान्यात खूण केली.

बाकीचे कागद ठीक होते. ज्यू असल्याचा पुरावा मात्र नव्हता. गावात कित्येक वर्षं रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाही, त्यामुळे पत्र देणारं कोणी नाही. आजीचा ज्यू रीतीचा लग्नकरार होता, पण आई म्हणाली की छप्पर गळलं तेव्हा तो भिजून गेला. आणि वेळही फार नव्हता. मुलींना एकविसावं लागायच्या आत भरती व्हावं लागतं, आणि नोएमी बावीस जूनला एकवीस वर्षांची होणार होती.

मग कोखावाने टोपण लावलं आणि तिचा प्रश्न विचारला.

"इथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात," नोएमी म्हणाली. "किब्बुत्सवर मी दुधाची बादली सांडली तर गवळी स्वतः पुसून घेतो. त्याच्या मुलीने सांडली तर तिला झापतो. पाहुणीला कोणी रागवत नाही. सैन्यात रागावतील असं ऐकलंय."

"आणि रागावले की?"

"मग कळेल मला."

"काय कळेल?"

"ते रागावल्यावरच सांगता येईल ना," नोएमी म्हणाली.

त्या दिवशी चहा घेताना कोखावाने मला हे जसंच्या तसं सांगितलं. एवढंच म्हणाली की असं उत्तर तिने पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तिने मोइसेसविलेला फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ. नोएमीची आई पेर्ला शाळेत भूगोल शिकवायची, आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोनवर यायची. आवाज मऊ, पण वाक्यं मोजकी. लग्नकरार कुठे होता, कोणत्या पेटीत, पेटीच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या पावसात छप्पर गळलं, पाणी कुठून आलं, सगळं तिने सांगितलं. कोखावाने आभार मानून फोन ठेवला.

"खोटं बोलतेय," ती मला म्हणाली.

मी विचारलं, कशावरून.

"अगं, हरवलेल्या वस्तूबद्दल माणूस इतकं नेमकं सांगत नाही. माझ्या आईची अंगठी हरवली तेव्हा ती नुसती म्हणायची, इथेच कुठेतरी होती गं."

दुसऱ्या मंगळवारी तिने कागदाचा विषयच काढला नाही. गावात सध्या थंडी आहे का, मुलांना भूगोल आवडतो का, असलं काहीबाही विचारत राहिली. तिचं जुनाट स्पॅनिश ऐकून पेर्ला पहिल्यांदा हसली. तिसऱ्या मंगळवारी पेर्लाने स्वतःच सांगितलं. कागद घरात होता. स्वयंपाकघरातल्या कपाटावर, माते चहाच्या जुन्या डब्यात. भिजला-बिजला नव्हता.

"पण मी तो देणार नाही," ती म्हणाली. "आणि हे नोएमीला सांगायचं नाही. शब्द द्या."

कोखावाने शब्द दिला. मग पेर्लाने तिला भावाबद्दल सांगितलं. माउरिसिओ तिच्याहून बारा वर्षांनी लहान. एकोणिसाव्या वर्षी त्याला सैन्यात ओढून नेलं, आणि ब्याऐंशी साली माल्विनास बेटांवर इंग्रजांशी लढायला पाठवलं. तिथे गोठवणारी थंडी, अंगात उन्हाळी कपडे, पायांत भिजके बूट. जून महिन्यात तो गेल्याची तार आली. पेर्लाचे दिवस भरत आले होते. तारेनंतर नवव्या दिवशी नोएमी जन्मली.

"त्याला त्यांनी विचारलं नाही, धरून नेलं. आणि ही स्वतः अर्ज करतेय, मला न्या म्हणून," पेर्ला म्हणाली. "मी एका सैन्याला एक माणूस दिलाय. पुरे झालं."

हे सगळं कोखावाने मला सांगितलं तेव्हा मी लगेच म्हटलं, पोरीला सांगून टाक. ती एकवीस वर्षांची होईल, शहाणी आहे, तिचा तिला हक्क आहे. कोखावा म्हणाली, शब्द दिलाय. मी म्हटलं, मग दुसरा पुरावा शोध. मोइसेसविलेच्या दफनभूमीची नोंदवही ब्वेनोस आइरेसला आहे. आजोबांच्या दफनाचा उतारा तीन आठवड्यांत येईल. आईच्या कागदाची गरजच काय?

"तेही येतं मला," ती म्हणाली. "आईला वळसा घालून मुलीला पलीकडे न्यायचं. पण उद्या ही मुलगी गणवेश घालून उभी राहील, आणि घरी डब्यात तो कागद तसाच असेल. मग दोघी एकमेकींशी कशा बोलतील?"

मला ते पटलं नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आमची त्यावरून थोडी खडाजंगीही झाली. दोन दिवस ती चहाला माझ्याकडे आली नाही. दरम्यान नोएमी दर आठवड्याला गोठ्यातून यायची, बूट दारात काढायची आणि 'काही आलं का' असं विचारून जायची. कोखावा तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता 'बघतेय' म्हणायची.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारचा फोन मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी कोखावा उभ्याने बोलत होती. पेर्लाने तिला सरळ विचारलं होतं, तुमच्या टेबलावरून गेलेल्यांपैकी किती परत आले नाहीत?

आम्हाला अशा प्रश्नांची तयार उत्तरं दिलेली होती. आकडे सांगायचे नाहीत, सैन्याकडे बोट दाखवायचं, काळजी घेतली जाते असं म्हणायचं.

"दोघं," कोखावा म्हणाली. मग तिने त्यांची नावं सांगितली. एक मोंतेविदेओचा, सत्त्याण्णव साली लेबनॉनमध्ये गेला. दुसरा मेक्सिकोचा, आदल्याच वर्षी. दोघांच्या दफनाला ती गेली होती, हे मलाही तेव्हाच कळलं. मोंतेविदेओच्या मुलाचे आईवडील पोचेपर्यंत दफन थांबवलं होतं, आणि विमानतळावर त्यांना आणायला तीच गेली होती. "आणि जे परत आले ते सगळे जसे गेले तसेच आले असंही नाही, बाई. सैन्याच्या तपासणी नाक्यावर उभा राहिलेला एक मुलगा माझ्याकडे येऊन बसला होता. आठ महिने त्याने लोकांची कागदपत्रं तपासली, म्हाताऱ्या बायांना उन्हात थांबवलं. त्याला आता झोप लागत नाही. तुमची मुलगी सुखरूप राहील असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही."

मग पेर्लाने विचारलं, मग तुम्ही हे काम का करता? कोखावा गडबडली. इतक्या वर्षांत तो प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, नवरा वारला तेव्हा जागा निघाली होती, आणि स्पॅनिश येणारं दुसरं कोणी नव्हतं. पेर्ला हसली. ते हसू मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

मे महिन्याच्या मध्यावर पेर्ला हैफात आली. मुलीला तिने एवढंच कळवलं होतं की भेटायला येते. दुपारी दोघी आमच्या ऑफिसात आल्या. पेर्ला बुटकी, केस आखूड कापलेले, हातात शिक्षिकेची चामड्याची पिशवी. तिने पिशवीतून माते चहाचा गंज चढलेला डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा इथे कशाला आणलास?" नोएमीने विचारलं.

"आजीचा लग्नकरार आहे यात," पेर्ला म्हणाली. "तो कधीच भिजला नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले."

नोएमीचा चेहरा लालबुंद झाला. आता ही गोठ्यातली हिब्रू काढणार असं मला वाटलं. पण ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "मामामुळे?"

"हो."

"मला वाटलंच होतं. माझा एकही वाढदिवस धड झाला नाही, आई. केक आणायचा, आणि तू मेणबत्त्या लावायला विसरायचीस. दर वर्षी. मी मोजलंय."

पेर्लाने मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि नोएमीने तो राहू दिला. कोखावा मुद्दाम डब्याशी झटापट करत राहिली. झाकण घट्ट बसलं होतं.

करार तेलकट कागदात गुंडाळलेला होता. पंचेचाळीस सालचा. आपले लग्नकरार जुन्या अरामी भाषेत असतात, ठरलेला मजकूर, नावं तेवढी वेगळी. पेर्लाला ती लिपी येत नव्हती. गावातली ज्यू शाळा तिच्या लहानपणीच बंद पडली होती. कोखावा बोट फिरवत वाचू लागली. वराचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव. मग वधू. तिथे तिचं बोट थांबलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मला हाक मारली.

"मोझेल, इकडे ये. हा शब्द वाच."

मी वाचला. घरी लहानपणी वडिलांनी शिकवलेलं तेवढं मला येतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

कोखावाने पेर्लाला विचारलं, "तुमच्या आईच्या वडिलांचं नाव काय होतं?"

"आव्राहाम. मी त्यांना पाहिलं नाही. आई म्हणायची, आईवडील दोघंही तिच्या लहानपणीच वारले."

"इथे लिहिलंय, राखेल, आपला पूर्वज आव्राहाम याची मुलगी. आणि पुढे एक शब्द आहे. तो बाहेरून धर्मात आलेल्या बाईसाठी लिहितात. अशा बाईला वडिलांचं नाव लावत नाहीत, आव्राहामचं लावतात." तिने जरा श्वास घेतला. "पेर्ला, तुमची आई जन्माने ज्यू नव्हती. लग्नाआधी तिने आपला धर्म घेतला."

पेर्लाने कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि न येणाऱ्या त्या अक्षरांकडे बघत राहिली. बाहेर बंदरात बोटीचा भोंगा झाला. मग ती हळूहळू बोलायला लागली, आम्हाला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसं. हिवाळ्यात आई लसूण आणि खारवलेले मासे तेलात शिजवून एक गरम चटणी करायची, आणि सगळे भोवती बसून भाज्या त्यात बुडवून खायचे. मोइसेसविलेत दुसऱ्या कोणत्याही ज्यू घरात ती होत नसे. विचारलं की आई म्हणायची, आमच्या गावची पद्धत. माउरिसिओला झोपवताना आई एक अंगाई म्हणायची, ती भाषा वडिलांना येत नसे. आई म्हणायची, ती यिद्दिशच, आपली ज्यूंची बोली, फक्त वेगळ्या गावची.

"ती चटणी तर सुंचालेसची इटालियन माणसं करतात," नोएमी म्हणाली. "बाबांचा टँकर तिकडे जातो ना. पिएमोंतेहून आलेली शेतकरी माणसं. त्यांच्याकडे मी खाल्लीय."

"मला ठाऊक आहे कोण करतं," पेर्ला म्हणाली. "मी भूगोल शिकवते."

यावर ती स्वतःच हसली, आणि हसता हसता रडली. कोखावाने तिला पाणी दिलं. थोड्या वेळाने नोएमीने दबकत विचारलं, मग माझी फाइल गेली का?

कोखावाने तिला समजावलं. सैन्याला एक आजोबा किंवा एक आजी ज्यू असल्याचं दिसलं की पुरतं, आणि आजोबा शमुएल वाइसबोर्द यांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट तिथेच लिहिलेलं आहे. शिवाय धर्मात आलेला माणूस आपल्यात पुरता ज्यू असतो. त्यात उणंदुणं काढायचं नसतं.

"आजीला कोणी विचारलं असेल का?" नोएमी म्हणाली. "तुम्ही मला विचारलंत तसं. कशाला येतेस म्हणून?"

"विचारतातच. पहिल्यांदा तर परत पाठवतात. ज्यू होऊन तुला काय मिळणार, मार खायचाय का, असं म्हणतात. तरी आली तर मग घेतात."

"काय सांगितलं असेल तिने?"

"ते या कागदावर नाही," कोखावा म्हणाली.

फाइल पुढे गेली. यिगालने आजोबांच्या नावाखाली रेघ मारली आणि शिक्का उमटवला. एक अडचण राहिली होती. नोएमी एकुलती एक. अशा मुलांना लढाऊ तुकडीत जायचं असेल तर आईवडिलांची सही लागते. नोएमीला पायदळात जायचं होतं. पेर्लाने त्या कागदावर सही केली नाही. दोघींचं त्यावरून दोन दिवस भांडण चाललं. ते आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू यायचं. पण आता निदान समोरासमोर चाललं होतं. शेवटी नोएमीने पायदळाचा नाद सोडला आणि सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचा पर्याय लिहिला. टँकरवाल्याची मुलगी, तिला इंजिनं कळत होतीच. अकरा जूनला, वाढदिवसाच्या अकरा दिवस आधी, ती भरती झाली. पेर्ला तोवर परत गेली होती. नोएमीला बसपर्यंत सोडायला कोखावा गेली.

पहिले तीन महिने गालीलमधल्या छावणीत हिब्रू शिकण्यात गेले. ज्यांचं इथे घर नाही त्या सैनिकांना शुक्रवारी सुट्टीला कुठेतरी जावं लागतं. नोएमी कोखावाकडे जायची. गणवेश धुवायला टाकायची आणि बारा तास झोपायची. शनिवारी दुपारी कोखावाचा रात्रभर मंद आचेवर शिजलेला अदाफिना, मांस, चणे आणि अंडी, दोन माणसांचा एकटी खायची.

पहिली सुट्टी मिळाली तेव्हा मीही तिथे होते. कोखावाने तिला बसूही दिलं नाही. विचारलं, "रागावले का?"

नोएमी सांगू लागली. बंदूक साफ करायची पिशवी ती बाकावर विसरली होती. अफुला गावची, नाईकाच्या हुद्द्यावरची एक एकोणीस वर्षांची मुलगी, तिच्या खांद्यालाही न लागणारी, तिच्यासमोर उभी राहून दहा मिनिटं ओरडत होती. तू स्वतःला काय समजतेस, हे काय तुझ्या बापाचं हॉटेल आहे, तुझ्यामुळे सगळी खोली शनिवारी इथे बसेल. नोएमीला ते ऐकताना हसू आलं. आवरेचना. मग हसल्याबद्दल आणखी शिक्षा झाली.

"आणि? काय कळलं?" कोखावा पुढे झुकली.

नोएमीने विचार केला. "त्या क्षणाला फार बरं वाटलं. पण खोलीतल्या मुलींची सुट्टी गेली आणि कोणी माझ्याशी बोललं नाही, तेव्हा मला घरी जावंसं वाटलं. म्हणजे आपल्या आईच्या घरी. दोन्ही एकाच दिवशी कळलं."

कोखावाला हे उत्तर अपुरं वाटलं असावं. ती नंतरही अधूनमधून विचारत राहिली, आणि नोएमी दर वेळी काहीतरी वेगळं सांगत राहिली. दीड वर्ष तिने ट्रकांखाली झोपून काढलं. दोन बोटं चेंगरली, ती बरी झाली. सुटका झाल्यावर राहशील की जाशील, असं सगळे विचारत होते. ती गेली. एस्पेरांसाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला होता. आम्हाला वाटलं ती काहीतरी मोठं कारण सांगेल. ती म्हणाली, गायींची आठवण येते.

मंगळवारचे फोन मात्र थांबले नाहीत. त्यांना आता फाइलचं निमित्तही लागत नव्हतं. भरतीच्याच वर्षी नोव्हेंबरात, नोएमी सैन्यात असताना, पेर्ला नवऱ्याच्या टँकरमध्ये बसून सुंचालेसच्या बाजूला गेली. प्रत्येक दूधवाल्याला तिने विचारलं की पंचेचाळीसच्या सुमारास कोणाची मुलगी मोइसेसविलेच्या ज्यूंकडे निघून गेली होती का. तिसऱ्या गोठ्यावर एका म्हाताऱ्या बाईने तिला आत बोलावलं. तिचं नाव आंजेला, वय शहात्तर. तिची थोरली बहीण तेरेसा शमुएल वाइसबोर्दबरोबर घरातून गेली होती; तीच पेर्लाची आई राखेल. वडिलांनी तिचं नाव घरात घ्यायला बंदी केली. दोन गावांत घोड्यावरून अर्ध्या दिवसाचं अंतर, पण कोणी गेलं नाही.

आंजेलाने एकदाच तिला पाहिलं होतं, जनावरांच्या बाजारात. तेरेसा कोंबड्यांचा भाव करत होती आणि तिच्या हाताला धरून पाचएक वर्षांची एक मुलगी उभी होती. आंजेला वीस पावलांवर होती. सोबत वडील होते, म्हणून ती पुढे गेली नाही.

"मी तो बाजार आठवायचा प्रयत्न करतेय," पेर्ला फोनवर म्हणाली. "मला फक्त कोंबड्या आठवतात."

कोखावाने मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं, मग तेरेसा का गेली होती, ते म्हातारीला ठाऊक आहे का? प्रेमाखातर, की आणखी काही? कोखावा म्हणाली, पेर्लाने विचारलं होतं. आंजेला म्हणाली, आम्हा बहिणींत ती सगळ्यात हट्टी होती, आणि तिला शमुएलचा घोडा फार आवडायचा.

पुढच्या एप्रिलात वल्हांडणाला, म्हणजे गुलामीतून मुक्तीच्या सणाला, आंजेला पेर्लाच्या घरी जेवायला आली, सोबत दोन नातू आणि एक मोठा थोरला भोपळा घेऊन. त्या सणाला पाव चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती पावही घेऊन आली होती. पेर्लाने तो नम्रपणे परसात नेऊन ठेवला. जेवताना म्हातारी तिच्या शेजारी बसली होती आणि मधूनमधून तिचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवून बघत होती.